पाठकोरे

मेडिकल चौकात आईचं झेरॉक्सचं दुकान.
दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल
आणि खाली खोक्यात फसलेल्या प्रतींचा ढीग:
वाकडा आलेला सातबारा, अर्धीच जातपडताळणी,
कुणाच्यातरी छातीचा रिपोर्ट, काळाकुट्ट.
एक बाजू वाया.
दुसरी माझी.

पहिल्या वेळी चारशे एकतीस.
एकशे अठरा बरोबर, एक्केचाळीस चूक, एकवीस सोडलेले.
उमरेडच्या मामांनी फोनवर विचारलं, मग आता बीएस्सी?
आई टोनर बदलत होती, हात कोपरापर्यंत काळे.
म्हणाली, थांब न भाऊ, पोरगी मोजून राह्यली अजून.

मी खरंच मोजत होते.
एक्केचाळीसातले सात असे निघाले
की उत्तर मला येत होतं, प्रश्न मी वाचलाच नव्हता.
खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?
मी योग्य वाचलं.
सात वेळा.
बालवाडीत सगळ्यात आधी गिरवलेलं अक्षर,
अननसाचा अ,
आणि अननस तर आमच्याकडे
दुसऱ्याच्या लग्नातल्या शिऱ्यातच दिसायचा.
चार हुकले, एक कापला,
सात पाचे पस्तीस.

रिपीटर बॅच नंदनवनात, दुसऱ्या मजल्यावर.
ठवरे सर आम्हाला 'जुने' म्हणत.
जुन्यांनो, तुम्हाला सगळं येते,
तोच तर घोटाळा आहे.
वृषाली डहारे दिवाळीनंतर आलीच नाही.
तिची छत्री मार्चपर्यंत खिळ्यावर होती,
मग एक दिवस खिळाच होता.

मी चुकांना नावं ठेवली, नावं म्हणजे नावंच:
घाईची. गर्वाची. झोपेची.
आणि एक सगळ्यात मोठी थप्पी,
'माहीत नव्हतं तरी मारलं'.

नोव्हेंबरात एका रात्री
उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं गणित करत होते,
शाई पलीकडे उमटली का पाहायला कागद उलटला,
तर मागे मीच.
फोटोतले डोळे मशीननं खाऊन टाकलेले,
खाली चारशे एकतीस, तेही तिरपं.
आईनं कधीतरी कुठल्यातरी फॉर्मसाठी काढलेली प्रत.
थोडा वेळ बघितलं.
मग ठोकळा पुन्हा वरून सोडला.
या वेळी घर्षण धरलं.

मे महिन्यातला रविवार, पंचेचाळीस अंश, कामठी रोड.
आईनं खिशात कांदा कोंबला.
फाटकावरच्या बाईनं चाचपला, हे काय वं?
ऊन लागू नये म्हणून.
ती हसली नाही. कांदा बाजूच्या खुर्चीवर ठेवला.
तिथे आधीच चार होते.

आत, एकशे बारावा प्रश्न.
येत नव्हता.
मागच्या वर्षी मी तिसरा गोल काळा केला असता,
तीन मला आवडतो म्हणून.
पेन टेकवलं, उचललं.
गोल पांढराच राहू दिला.
माहीत नाही हे इतक्या शांतपणे
मी याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं,
स्वतःला तर नाहीच.
आणि प्रत्येक अयोग्यच्या अ वर बोट ठेवून पुढे गेले,
रस्ता ओलांडताना धाकट्याचं मनगट धरावं तसं.

पाचशे सत्तेचाळीस.
बावीस बरोबर वाढले. अठ्ठावीस चुका घटल्या.
सहा प्रश्न जास्त सोडले,
त्यांचे मार्क शून्य,
पण मला विचाराल तर मी आधी तेच सांगते.
कुणी विचारत नाही.
विचारतात ते एकच, मामा तर दिवसातून दोनदा:
लागेल का नंबर?

यादी अजून लागायची आहे.
दुपारी दुकानात आईनं निकालाची प्रत काढली.
पहिली तिरपी आली, कोपऱ्यात टोनरचा डाग.
मी चुरगाळायला घेतली
तर तिनं हातातून काढून घेतली,
मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ केली
आणि खोक्यात टाकली, कोरी बाजू वर.

राहू दे, म्हणाली.
लागेल.